तारा तुटला तेव्हा



दिनांक २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा शनिवार. रात्री पावणेआठच्या सुमारास नागपुरात आमच्या इमारतीच्या गच्चीवर वस्तीतील काही मुलांसोबत मी उभा होतो. एकाएकी आकाशात पेटत्या गोळ्यांची रांगच दिसली. मागे लांब झळाळती शेपटी. सावकाश सरकत ती रांग दिसेनाशी झाली.

"तारा तुटला! आता कोणीतरी जाणार," शेजारच्या एक आजी म्हणाल्या. आमच्यातील एका मुलाचे वडील त्या वेळी दवाखान्यात भरती होते. पोराचा चेहरा पार उतरला. मी त्याला जवळ घेतले आणि ठामपणे सांगितले, "बेटा, ही उल्का आहे. दगडाला तुझ्या बाबांचे नाव ठाऊक नसते."

नंतर बातमी आली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या 'लाँग मार्च ३ बी' अग्निबाणाचा तो भाग असावा, असे अभ्यासकांनी सांगितले. आजींची भीती खोटी होती, पण माझे उत्तरही चुकलेच होते. पोराने विचारलेच, "काका, तुम्ही तर उल्का म्हणत होते ना?"

मित्रांनो, बँकेत चुकीची नोंद सापडली तर ती झाकत नाहीत. दुरुस्त करून बाजूला सही करतात. मी त्याच्यापुढे चूक कबूल केली. मग आम्ही दोघांनी फरक समजून घेतला. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते व बहुधा काही सेकंदांतच विझते. पृथ्वीभोवती फिरणारा अग्निबाणाचा तुकडा सुमारे ८ किलोमीटर वेगाने तिरपा येतो, फुटत फुटत मिनिटभरही दिसतो. ती संथ चाल पाहूनच मला शंका यायला हवी होती.

मग आकाशातील दगडाला भ्यायचेच नाही काय? सावध राहावे, पण कारण जाणून. आपले लोणारचे सरोवर अशनीच्याच आघाताने झाले आहे. रशियातील चेल्याबिन्स्क येथे १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सुमारे २० मीटरचा अशनी हवेत फुटला. उजेड पाहायला लोक खिडक्यांशी गेले. धक्क्याची लाट मागाहून पोचली आणि काचा फुटल्या. सुमारे १५०० लोक जखमी झाले, त्यांतील बहुतेक काचांमुळे. म्हणून असा लख्ख प्रकाश दिसला तर प्रथम खिडकीपासून दूर व्हा. शकुन-अपशकुनापेक्षा एवढी माहिती जास्त कामाची आहे.

त्या मुलाचे वडील पुढे बरे होऊन घरी आले. ते औषधाने बरे झाले. आकाशातील जाळाचा त्यात काही संबंध नव्हता. विद्यार्थी मित्रांनो, घाबरलेल्याला धीर जरूर द्या. पण दिलेले उत्तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, आणि चुकले असेल तर लहानापुढेही तसे सांगा.