पडद्यावरचा पाऊस कोणी सांगायचा?



आजच्या पदवीधरांमध्ये वातावरणशास्त्राचे विद्यार्थी आहेत आणि पत्रकारितेचेही. एरवी या दोन विभागांची गाठ पडत नाही. आज तुम्ही एका सभागृहात बसला आहात, म्हणून दोघांनाही लागू पडेल असा एक प्रश्न मी आणला आहे. टीव्हीवर हवामान सांगणारी व्यक्ती हवामानशास्त्र शिकलेली असायला हवी का? माझी सगळी नोकरी अंदाज तयार करण्यात गेली, त्यामुळे माझं उत्तर तुम्ही आधीच ओळखलं असेल. उत्तर होकारार्थी आहे खरं, पण सरसकट नाही.

निसर्ग चक्रीवादळ तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. ३ जून २०२० रोजी ते अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धनच्या जवळपास किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. हवामान खात्याने हरिहरेश्वर ते दमण असा पट्टा सांगितला होता आणि रोख अलिबागच्या आसपास ठेवला होता. वादळ त्या पट्ट्यातच आलं. तरीही संध्याकाळी मुंबईत जो तो म्हणत होता, अंदाज फसला, काही झालंच नाही. सकाळपासून पडद्यावर मुंबईच्या लाटा दिसत होत्या, आणि मुंबईत मोठं काही घडलं नाही म्हणजे वादळच खोटं, असा हिशेब लोकांनी केला. त्याच वेळी श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, मंडणगड, दापोली इथल्या वाड्यांतली नारळ-पोफळीची लागती झाडं मुळासकट आडवी होत होती. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले, त्यामुळे तिथलं चित्र पडद्यावर यायलाही वेळ लागला. पोफळीचं रोप लावल्यापासून सुपारी हाती येईपर्यंत कित्येक वर्षं जातात. त्या दिवशी तिथल्या घरांची पुढच्या कित्येक वर्षांची मिळकत गेली.

आता विचार करा, त्या सकाळी पडद्यावर जाणती व्यक्ती असती तर तिने काय सांगितलं असतं? आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. त्यामुळे वादळ ज्या वाटेने पुढे सरकतं, त्या वाटेच्या उजव्या हाताला वारा सगळ्यात जोरकस असतो आणि किनाऱ्यावर समुद्राचं पाणी तोच आत ढकलतो. केंद्र मुंबईच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं की मुंबई डाव्या हाताला पडते. तेच केंद्र शंभरेक किलोमीटर उत्तरेला सरकून मुंबईच्या वरच्या अंगाला आलं असतं, तर मुंबई उजव्या हाताला आली असती. एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात. ती दोन मिनिटं मिळाली असती तर आपण कशातून वाचलो हे मुंबईकरांना कळलं असतं आणि सगळ्यांचं लक्ष दक्षिणेकडे वळलं असतं. हे समोरच्या कागदावर लिहिलेलं नसतं. ते आधीपासून डोक्यात असावं लागतं.

निवेदनाची कामं दोन आहेत, वाचण्याचं आणि अर्थ लावण्याचं. मुंबई दूरदर्शनच्या जुन्या बातम्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हवामानाची ती ठरावीक वाक्यं आठवत असतील: कोकणात बहुतांश ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी, मराठवाड्यात तुरळक ठिकाणी. ही मोघम भाषा वाटते, पण प्रत्येक शब्दामागे मोजमाप आहे. विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाव केंद्रांपर्यंत पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक, तिथून निम्म्यापर्यंत काही, पाऊणपर्यंत बऱ्याच आणि त्यापुढे बहुतांश. निवेदक आलेला मजकूर जसाच्या तसा, स्वच्छ उच्चारात वाचत. त्यांना हवामानशास्त्राच्या पदवीची गरज नव्हती आणि ती नसल्याने कुणाचं नुकसान झालं नाही. वाचनापुरता प्रश्न असेल तर आजही माझं मत तेच आहे.

आजचा निवेदक मात्र वाचत नाही. तो मोठ्या पडद्यासमोर उभा राहून स्वतःच्या शब्दांत बोलतो, अँकर त्याला आयत्या वेळी प्रश्न विचारतो आणि तो उत्तर देतो. हवामान खात्याच्या पत्रकात ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मुसळधार’ असतं, पडद्यावर ‘मध्य महाराष्ट्राला पाऊस झोडपणार’ होतं. मध्य महाराष्ट्र या हवामान विभागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणारं महाबळेश्वर आहे आणि त्याच सातारा जिल्ह्यातला, पाचशेच्या आसपास पाऊस मिळणारा माण तालुकाही आहे. म्हसवडचा शेतकरी ते वाक्य ऐकून काय करील? विभागाची हद्द आणि घाटमाथ्याचा परिणाम ठाऊक असलेला माणूस आपण होऊन म्हणेल की हा जोर घाटावर राहील, पूर्वेकडच्या तालुक्यांनी यावर विसंबू नये. तसंच ढगफुटीचं. एका तासात, वीस-तीस चौरस किलोमीटरच्या परिसरात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर ती ढगफुटी. आपल्या पडद्यावर दर पावसाळ्यात कितीतरी गावांत ढगफुटी होते. मग खरी ढगफुटी होते त्या दिवशी तो इशारा लोकांच्या कानावरून जातो.

पडद्यावर शिकलेला माणूस हवा म्हटलं की एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे: पदवीने अंदाज थोडाच बरोबर येतो? ब्रिटनमध्ये १५ ऑक्टोबर १९८७ रोजी बीबीसीवर मायकेल फिश यांनी प्रेक्षकांना धीर दिला होता की हरिकेन येत असल्याचं कुणीतरी ऐकलंय, पण काळजी नको. त्याच रात्री दक्षिण इंग्लंडवर वादळ आलं, १८ माणसं गेली, दीड कोटीच्या आसपास झाडं पडली. फिश हे ब्रिटिश हवामान खात्याचेच प्रशिक्षित हवामानतज्ज्ञ होते. म्हणजे शिक्षण हा चुकीवरचा विमा नव्हे. पण पुढे काय झालं तेही पाहा. चौकशी झाली, वादळ जिथून आलं, अटलांटिकच्या त्या भागातून पुरेशी निरीक्षणं येत नव्हती हे समोर आलं आणि १९८८ मध्ये तीव्र हवामानाच्या इशाऱ्यांची राष्ट्रीय व्यवस्था सुरू झाली. पडद्यावरचा माणूस हवामान खात्याचाच होता, म्हणून चुकीचा माग मुळापर्यंत काढता आला. आपल्याकडे एखाद्या वाहिनीवर अंदाजाचा विपर्यास झाला तर विचारायचं कुणाला?

या प्रश्नावर अमेरिकेचं उदाहरण पाहा. तिथे हवामान सांगणारे विदूषकी चाळे करत, असा एक काळ होता. तिथल्या हवामानशास्त्र संस्थेने, अमेरिकन मेटिऑरोलॉजिकल सोसायटीने, आधी मान्यतेची मोहोर दिली आणि २००५ पासून प्रसारणातल्या हवामानतज्ज्ञांसाठी प्रमाणपत्र सुरू केलं. त्यासाठी पदवी लागते, लेखी परीक्षा द्यावी लागते आणि प्रत्यक्ष प्रसारणाच्या चित्रफिती परीक्षकांपुढे ठेवाव्या लागतात. मला ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याला शास्त्र येतं पण सांगता येत नाही, तो तिथे नापास होतो.

आणि इथे मी वातावरणशास्त्राच्या मुलामुलींकडे वळते. मराठवाड्यात, विदर्भात जाऊन विचारा की पावसासाठी कुणाचं ऐकता. पुष्कळ जण व्हॉट्सॲपवर आणि यूट्यूबवर अंदाज देणाऱ्या एखाद्या माणसाचं नाव घेतील. तो तालुक्याचं नाव घेतो, तारीख सांगतो, शेतकऱ्याच्या बोलीत बोलतो. दहा दिवसांपुढची अमुक तारीख आणि अमुक तालुका खात्रीने सांगणं शास्त्राला आज शक्य नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण ते शेतकऱ्याला त्याच्या भाषेत कुणी सांगितलं? आपण प्रतिरूपं आणि संभाव्यता यांत गुंतून राहिलो.

याची किंमत पेरणीच्या वेळी कळते. मे महिन्याच्या अखेरीस वळीव कोसळतो, मृगाच्या आधीच रान ओलं होतं आणि कुठलीतरी वाहिनी ‘मान्सून आला’ असं झळकवते. केरळात मान्सून आला हे जाहीर करायलासुद्धा कसोटी आहे. १० मेनंतर, ठरवून दिलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस हवा, शिवाय वाऱ्याची खोली आणि ढगांचं आवरणही जुळावं लागतं. वळवाचा पाऊस दुपारच्या तापलेल्या हवेतून उठतो, तासाभरात बरसतो आणि ओसरतो. त्याच्यामागे समुद्रावरून सलग येणारा ओलावा नसतो. त्याच्या भरवशावर पेरलं आणि पुढे पंधरा दिवस उघडीप पडली की दुबार पेरणी. बियाणं पुन्हा घ्यायचं, खत पुन्हा, उधारी पुन्हा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल खोलवर गेल्याशिवाय आणि वापसा आल्याशिवाय पेरू नका, हा कृषी खात्याचा सल्ला पडद्यावर नेमक्या त्याच दिवशी यायला हवा. तो कधी द्यायचा हे ठरवायला वळीव आणि मान्सून यांतला फरक ओळखावा लागतो.

म्हणून माझं मत असं. रोजचं पत्रक कुणीही नीट वाचावं. पण जिथे निवेदक अर्थ लावतो आणि प्रश्नांना उत्तरं देतो, विशेषतः नारंगी आणि लाल इशाऱ्याच्या दिवशी, तिथे शिकलेलाच माणूस उभा असावा. छोट्या वाहिन्यांना हे परवडणार नसेल तर दोन-तीन वाहिन्यांनी मिळून एक हवामानतज्ज्ञ नेमावा आणि मजकूर थांबवण्याचा अधिकार त्याला द्यावा. विद्यापीठाला माझी विनंती आहे की तुमच्या दोन्ही विभागांनी पुढच्या जूनपासून एकत्र अभ्यासक्रम सुरू करावा. वातावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याने कॅमेऱ्यासमोर तीन मिनिटं बोलून दाखवावं, पत्रकारितेच्या विद्यार्थ्याने उपग्रहाचं चित्र वाचून दाखवावं.

पत्रकारितेच्या पदवीधरांनो, वाहिनीत मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर आणखी एक गोष्ट विचारा: लाल इशाऱ्याच्या दिवशी माझ्या मजकुरावर शेवटची सही कुणाची असेल? आणि वातावरणशास्त्राच्या पदवीधरांनो, ती सही करायची जागा रिकामी आहे. तिथे अर्ज करा.