अलाबामाच्या १८ विजेतेपदांचा हिशोब

आजचा विषय जरा लांबचा, थेट अमेरिकेतला. पण तुमच्या ओळखीचं कुणी ना कुणी एम.एस.ला तिकडे गेलेलं असणारच, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरमधल्या एखाद्या शनिवारी त्याने स्टेटसला स्टेडियमचा फोटो टाकलेला तुम्ही पाहिला असणार. लाखभर माणसं, सगळ्यांचे टी-शर्ट एकाच रंगाचे. ते कॉलेज फुटबॉल. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही हां. लांबट चेंडू काखेत धरून पळायचं आणि समोरच्याने आडवं पाडायचं, तो.

या खेळाचे फॅन एका गोष्टीवरून कायम भांडतात. इतिहासातली सगळ्यात भारी टीम कोणती? १९७१ची नेब्रास्का, १९९५ची नेब्रास्का, २००१ची मायामी, की २०१९ची एलएसयू? तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, कुणाकडे किती विजेतेपदं ते मोजा आणि मोकळे व्हा. बरं, मोजू.

अलाबामा विद्यापीठ सांगतं, आमची १८ राष्ट्रीय विजेतेपदं. आता गंमत ऐका. तिथे कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणारी संस्था म्हणजे एनसीएए. ती बास्केटबॉलचं विजेतेपद देते, पोहण्याचं देते, कुस्तीचं देते. पण फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या विभागाचं विजेतेपद तिने आजवर एकदाही दिलेलं नाही. मग देतं कोण? १९३६पासून एपी या वृत्तसंस्थेसाठी पत्रकार मतं देतात. १९५०पासून कोच लोकांचा वेगळा पोल आहे. शिवाय गणित मांडून क्रमवारी लावणारे लोक, तेही १९२०च्या दशकापासून आहेत. एनसीएए यातल्या प्रमुख मंडळींचे निकाल आपल्या रेकॉर्ड बुकात नुसते छापते. त्यातला कुठला उचलून भिंतीवर लावायचा, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

त्यामुळे होतं काय बघा. १९४१ साली अलाबामा दोन मॅच हरली. एपीच्या यादीत ती २०वी होती. स्वतःच्या कॉन्फरन्समध्येसुद्धा पहिली नव्हती. मिनेसोटा एकही मॅच न हरता एपीची चॅम्पियन झाली. पण हूलगेट नावाच्या एका गणिती क्रमवारीने अलाबामाला पहिलं ठेवलं होतं. पुढे १९८०च्या दशकात विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागाने जुनी दप्तरं चाळली आणि १९२५, १९२६, १९३०, १९३४ यांच्याबरोबर १९४१लाही यादीत घेतलं. चाळीसेक वर्षांनी विजेतेपद! आणि हेच जर चालत असेल, तर अलाबामासुद्धा मागेच आहे, कारण प्रिन्स्टन २८ विजेतेपदं सांगतं आणि येल २७. या खेळाची पहिली मॅच १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टनमध्ये झाली. नंतरची कित्येक वर्षं खेळणारी कॉलेजंच मोजकी होती. चार पोरांच्या गल्लीत पहिला नंबर काढायला कितीसा वेळ लागणार!

पत्रकारांचं मतदान तरी धड होतं का? तिथे सीझन संपल्यावर, नवीन वर्षाच्या आसपास, निमंत्रणाच्या मोठ्या मॅच होतात. त्यांना बोल म्हणतात. १९६८पर्यंत एपीचा शेवटचा पोल बहुतेक वेळा बोलच्या आधीच व्हायचा. १९६४ला अलाबामाला चॅम्पियन जाहीर केलं आणि मग ऑरेंज बोलमध्ये टेक्सासने तिला २१-१७ने हरवलं. कोच लोकांच्या पोलने तर ही पद्धत १९७३पर्यंत चालवली. त्या वर्षी त्यांनी अलाबामाला मुकुट घातला आणि शुगर बोलमध्ये नोत्र दामने तिला एका गुणाने पाडलं, २४-२३. दोन्ही वर्षं त्या १८मध्ये आहेत.

तर ट्रॉफ्यांची संख्या हा काही मोजमापाचा प्रकार नाही. मग लोक दुसरं टोक धरतात. टाइम मशीन आणा, १९७१च्या नेब्रास्काला २०१९च्या एलएसयूसमोर उभं करा, कोण जिंकेल? मला हा प्रश्नच फालतू वाटतो. पन्नास वर्षांत आहार बदलला, जिम बदलली, खेळाडूंची वजनं वाढली. नवीन टीम जिंकेल. झाला एपिसोड.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. टीम म्हणजे नोड आणि मॅच म्हणजे एज असा एक ग्राफ डोळ्यासमोर आणा. एका सीझनमध्ये सव्वाशेहून जास्त टीम, प्रत्येकीच्या साधारण १२ मॅच. सगळ्या एकमेकींशी खेळत नाहीत, पण अ ब-शी खेळली, ब क-शी खेळली, असं करत सगळा ग्राफ जोडला जातो. मग समीकरणं सोडवून प्रत्येकीला रेटिंग देता येतं. कोली मॅट्रिक्स नावाची पद्धत हेच करते. किती गुणांनी जिंकलात हे ती बघतच नाही, फक्त हार-जीत आणि समोर कोण होतं ते बघते. प्रत्येक टीम ०.५वर सुरू होते आणि शेवटी सगळ्यांची सरासरीही ०.५च येते.

ही सरासरी महत्त्वाची आहे. १९७१ची नेब्रास्का आणि २००१ची मायामी यांच्यामध्ये एकही एज नाही. पोरं चार-पाच वर्षांत पास होऊन निघून जातात, टीमचं नाव तेवढं राहतं. म्हणजे कुठल्याही गणितातून तुम्हाला एवढंच कळतं की ही टीम तिच्या वर्षाच्या सरासरीपेक्षा किती वर होती. फॅन लोकही नकळत तेच करतात. १९९५च्या नेब्रास्काचं नाव का निघतं? कारण त्या वर्षी तिने एकही मॅच १४पेक्षा कमी गुणांनी जिंकली नाही आणि फायनलमध्ये फ्लोरिडाला ६२-२४ने लोळवलं. आपल्या काळातल्यांपेक्षा किती पुढे, हाच खरा निकष. मलाही तोच पटतो.

फक्त एक विचारा. आपल्या काळातले म्हणजे कोण? मैदानावर कुणाला येऊ दिलं होतं?

याचं सोपं उदाहरण म्हणजे स्कॉलरशिप. १९७३च्या आधी एका कॉलेजने किती खेळाडूंना स्कॉलरशिप द्यावी याला देशभर लागू होणारी मर्यादा नव्हती. श्रीमंत कॉलेजं ढीगभर पोरं गोळा करायची. काहींना खेळवायचं नसायचंच, दुसऱ्याकडे जाऊ नयेत एवढ्यासाठी घ्यायची. मग १०५ची मर्यादा आली, पुढे ९५ आणि १९९२मध्ये ८५. म्हणून २००१ची मायामी मला जास्त थोर वाटते. ८५च्या जमान्यात त्या टीममधले ३८ जण पुढे एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये निवडले गेले, त्यातले १७ पहिल्या फेरीत.

अवघड उदाहरण १९६६चं आहे. अलाबामाचे जुने फॅन या वर्षावर अजून चिडून आहेत, आणि वरवर बघितलं तर त्यांचं बरोबर आहे. १९६४ आणि १९६५ची चॅम्पियन अलाबामा त्या वर्षी सगळ्याच्या सगळ्या ११ मॅच जिंकली. आणि पोलमध्ये तिसरी! पहिल्या दोन कोण, तर नोत्र दाम आणि मिशिगन स्टेट. या दोघी १९ नोव्हेंबरला एकमेकींशी खेळल्या आणि १०-१० बरोबरीत सुटल्या. वर नोत्र दामने शेवटी जिंकायचा प्रयत्न न करता घड्याळ संपू दिलं. सगळं जिंकणारी तिसरी, आणि बरोबरी करणाऱ्या पहिली-दुसरी. अन्याय वाटतो ना?

आता मिशिगन स्टेटची यादी बघा. बबा स्मिथ, टेक्सासचा. जीन वॉशिंग्टन, तोही टेक्सासचा. जॉर्ज वेब्स्टर, साउथ कॅरोलायनाचा. क्वार्टरबॅक जिमी रे, नॉर्थ कॅरोलायनाचा. मिशिगन कुठे, कॅनडाच्या सीमेला लागून. ही दक्षिणेतली पोरं तिथल्या थंडीत काय करत होती? ती कृष्णवर्णीय होती आणि दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांच्या टीममध्ये त्यांच्यासाठी जागा नव्हती. पुढच्या वर्षी एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या आठ खेळाडूंत चार एकट्या मिशिगन स्टेटचे होते. सगळ्यात पहिला बबा स्मिथ.

अलाबामाची १९६६ची टीम पूर्ण गोरी होती आणि तिच्या कॉन्फरन्समधल्या विरोधी टीमही जवळपास तशाच. त्या ११ विजयांचा ग्राफ काढला तर गणित बरोबरच येईल. पण आपल्याच दारातल्या सगळ्यात चांगल्या पोरांना बाहेर ठेवून काढलेली ती सरासरी आहे. त्या खेळाडूंचा घाम खोटा होता असं मी म्हणत नाही. पण माझं मत विचाराल तर १९६६चा तिसरा नंबर मला अन्याय वाटत नाही.

१९७०मध्ये साउदर्न कॅलिफोर्नियाची टीम बर्मिंगहॅमला आली आणि अलाबामाला ४२-२१ने हरवून गेली. त्यांचा सॅम कनिंगहॅम त्या दिवशी १३५ यार्ड धावला. या एका मॅचने अलाबामा बदलली अशी गोष्ट तिकडे रंगवून सांगतात. पण विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला अलाबामाने त्याआधीच स्कॉलरशिप दिली होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य टीममध्ये खेळायची परवानगी नव्हती, म्हणून तो मैदानावर दिसला नाही, इतकंच.

आणि ज्यांना बाहेर ठेवलं ते घरी बसले नव्हते. लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात एडी रॉबिन्सन १९४१ ते १९९७ कोच होते. ४०८ विजय. अलाबामाचे महान कोच बेअर ब्रायंट यांचे ३२३. पण ग्रॅम्बलिंग वरच्या विभागात नव्हती, त्यामुळे 'सर्वांत यशस्वी टीम'च्या वादात तिचं नावच येत नाही. तिच्या आणि अलाबामाच्या ग्राफमध्येही एज नाही, पण ती पोरं पास होऊन गेल्यामुळे नाही. ती कुणी जोडू दिली नाही.

आता प्लेऑफ आहे. २०१४पासून चार टीमचा, २०२४पासून बारांचा. वाद मिटला असं वाटेल, पण २०२४ची ओहायो स्टेट दोन मॅच हरूनही चॅम्पियन आहे, आणि २०१७ची सेंट्रल फ्लोरिडा १३ पैकी १३ जिंकूनही प्लेऑफमध्ये नव्हती. कोली मॅट्रिक्सने तिला पहिलं ठेवलं आणि तिने बिनधास्त स्वतःला चॅम्पियन म्हणवून घेतलं. लोक हसले. १९४१वाल्यांनी तरी हसायला नको होतं.

ताजी बातमी ऑबर्नची. २०२५मध्ये त्यांनी आपली पाच विजेतेपदं एकदम नऊ केली. १९१०, १९१४, १९५८ आणि २००४ नव्याने घातली. २००४ला ते १३-० होते आणि फायनलला दुसऱ्याच दोघी खेळल्या. ते वर्ष मी त्यांना देऊन टाकतो. १९१४ला त्यांच्याविरुद्ध कुणालाही एक गुणसुद्धा मिळवता आला नाही, रेकॉर्ड म्हणून भन्नाट आहे. पण समोर कोण येऊ शकत होतं ते आपण आत्ताच बघितलं, त्यामुळे ते मी धरत नाही. तुम्ही धरता का, ते कमेंटमध्ये लिहा. आणि तिकडे शिकणाऱ्या मित्राला हा एपिसोड पाठवा, विशेषतः तो अलाबामात असेल तर.