मजकूर एक, पाने अनेक



आजचा विषय प्रथमदर्शनी छापखान्याचा वाटेल. संगणकावरील सॉफ्टवेअर कसे वापरावे हे सांगणारी माहितीपुस्तिका निरनिराळ्या मापांच्या कागदांवर आणि पडद्यांवर सारखीच सुवाच्य कशी राहील, हा तो विषय. परंतु याचा संबंध छपाईपेक्षा कारभाराशी अधिक आहे. ग्रामपंचायतींचे विकास आराखडे आणि हिशेब यांसाठी २४ एप्रिल २०२० रोजी ई-ग्रामस्वराज ही प्रणाली सुरू झाली. शाळांच्या नोंदीही आता संगणकावर होतात. अशा कामात पुस्तिकेतील एक सूचना वाचता आली नाही, तर नोंद चुकते आणि त्या चुकीचा भुर्दंड अखेर गावाला बसतो.

कागदाचे माप

आपल्या कार्यालयांत रूढ असलेला ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. त्याची मधोमध घडी घातली की ए-५ होतो, आणि लांबी-रुंदीचे प्रमाण तेच राहते. या प्रमाणाचा गुण जर्मन विद्वान लिश्टेनबर्ग यांनी १७८६ साली एका पत्रात नोंदविला होता. जर्मनीने १९२२ मध्ये त्यावर आधारलेली मापे प्रमाण ठरविली आणि १९७५ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. अमेरिकेत मात्र साडेआठ इंच रुंद व अकरा इंच लांब असा ‘लेटर’ कागद चालतो. तो ए-४ पेक्षा सुमारे ६ मिलिमीटर रुंद, पण १७.६ मिलिमीटर आखूड आहे.

हा फरक किरकोळ वाटतो. पण ए-४ साठी काठोकाठ मांडलेले पान लेटर मापाने छापले, तर तळाच्या ओळी तुटतात किंवा यंत्र सर्व अक्षरे बारीक करते. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये लेटर हेच माप आधीपासून निवडलेले असते, आणि आपल्याकडे लीगल व फुलस्केप कागदही वापरात आहेत. ‘ही कळ दाबल्यावर दुरुस्ती करता येणार नाही’ अशी सूचना नेमकी तळाशी असेल, तर तिच्यावाचून होणाऱ्या नुकसानीची कल्पना आपणच करावी.

आशय आणि मांडणी यांची फारकत

यावरचा उपाय जुना आणि परीक्षेला उतरलेला आहे. लिहिणाऱ्याने मजकुराचे स्वरूप सांगावे, त्याचे दर्शनी रूप यंत्राने ठरवावे. ‘हे अक्षर ठळक व मोठे करा’ असे न म्हणता ‘हे प्रकरणाचे शीर्षक आहे’ असे म्हणावे. अमेरिकेतील गणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ च्या सुमारास ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली सिद्ध केली. ब्रायन रीड यांनी १९८० मधील आपल्या ‘स्क्राइब’ प्रणालीत आशय व मांडणी यांची ही फारकत स्पष्टपणे केली. याच विचारातून रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पात ‘टेक्सइन्फो’ ही पुस्तिका लिहिण्याची पद्धत आली.

टेक्सइन्फोमध्ये मूळ मजकुराची फाईल एकच असते. तिच्या आरंभी ए-४ कागदाची एक आज्ञा लिहिली की सर्व पाने त्या मापाची होतात. तिच्या जागी लहान पुस्तकाची आज्ञा लिहिली की ७ इंच रुंद व सव्वानऊ इंच लांब असे बांधणीयोग्य पुस्तक तयार होते. त्याच फाईलमधून पडद्यावर वाचावयाची आवृत्तीही निघते. ‘अमुक विभाग पाहा’ या उल्लेखापुढे छापील प्रतीत पानाचा क्रमांक आपोआप येतो, तर पडद्यावर त्या उल्लेखावर बोट ठेवताच तो विभाग उघडतो. लेखकाने हाताने ‘पान ४५ पाहा’ असे लिहिले असते, तर कागद बदलताच ते खोटे ठरले असते.

मात्र यंत्रावर सर्व भार टाकता येत नाही. पान अरुंद केले की लांब ओळी समासाबाहेर जातात. अशा ओळीशेजारी टेक एक काळी खूण उमटविते. ती ओळ कोठे तोडावी हे माणसानेच ठरवावयाचे असते, कारण संगणकाला द्यावयाची आज्ञा भलत्या जागी तुटली, तर वाचणारा ती तशीच टंकित करतो आणि काम अडते.

पडदा आणि देवनागरी

१९९३ मध्ये आलेली पीडीएफ पद्धत पानाचे रूप जसेच्या तसे राखते. छपाईसाठी हा मोठाच गुण आहे. परंतु ए-४ चे पान मोबाइलच्या पडद्यावर आले की प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवीत वाचावी लागते. वेबपान आणि ईपब यांत मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे वाहतो. म्हणून छपाईसाठी पीडीएफ व मोबाइलसाठी वाहता मजकूर, अशी दोन्ही रूपे द्यावीत.

देवनागरीला वेलांट्या, रफार व उकार यांसाठी वर-खाली जागा लागते. इंग्रजीच्या मापाने ओळी दाटल्यास मात्रा एकमेकींत शिरतात. तसेच मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या विशिष्ट फाँटमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन बसतो. अंध वाचकासाठी पडदा वाचून दाखविणारे साधनही त्याच्यापुढे थिटे पडते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने माहिती त्यांना सुलभ रूपात मिळावी अशी अपेक्षा धरली आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

आपण काय करावे

टेक्सइन्फो शिकलेच पाहिजे असे नाही. नेहमीच्या लेखन-सॉफ्टवेअरमध्येही शीर्षकांच्या शैली असतात; त्या वापराव्यात. पान क्रमांकाऐवजी विभागाचा क्रमांक सांगावा. रुंद तक्त्यांचे दोन लहान तक्ते करावेत. प्रत्येक चित्राखाली त्यातील माहिती शब्दांत द्यावी. महत्त्वाची सूचना कृतीच्या आधी लिहावी. प्रत्येक रूपावर आवृत्तीचा दिनांक असावा, म्हणजे भिंतीवरचा कागद आणि मोबाइलमधील प्रत यांत मेळ राहील. मूळ फाईल जपून ठेवावी. केवळ पीडीएफ उरली तर पुढील दुरुस्ती जवळजवळ नव्याने लिहिण्याइतकी कष्टाची होते.

‘एवढे कष्ट कशाला, एक पीडीएफ पुरे’ असे कोणी म्हणेल. परंतु पुस्तिका एकदा लिहिली जाते आणि वाचणारे अनेक असतात. लिहिणाऱ्याचा वाचलेला एक तास गावोगावच्या वाचकांच्या माथी पडत असेल, तर ती बचत नव्हे. म्हणून पुस्तिका पाठविण्यापूर्वी ती ए-४ वर छापून पाहावी, लीगलवर पाहावी, लहानशा मोबाइलवर उघडावी, आणि ते काम प्रथमच करणाऱ्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या हाती द्यावी. त्याला कोणालाही न विचारता काम पुरे करता आले, तरच ती पुस्तिका तयार झाली असे समजावे. पंचायतीच्या सदस्यांनीही न वाचता येणारी पुस्तिका मुकाट्याने स्वीकारू नये. वाचता येईल अशी प्रत मागणे हा त्यांचा अधिकार आहे.