मामी की सावत्र आई? : 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या नात्यांविषयी



साहित्याच्या व्यासपीठावर दूरचित्रवाणी मालिकेविषयी बोलायचं म्हटल्यावर काहींनी नाक मुरडलं तर मला नवल वाटणार नाही. पण आमच्या महाविद्यालयातली मुलं एखाद्या पात्राच्या नीतीवरून हिरिरीनं भांडतात ती बहुधा 'गेम ऑफ थ्रोन्स'मुळे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेवर आधारलेली ही मालिका २०११ ते २०१९ या काळात ८ पर्वांत आणि ७३ भागांत दाखवली गेली. आग ओकणारे ड्रॅगन, उठून चालणारी मढी, सगळं तिच्यात आहे. ते आज बाजूला ठेवते. मला बोलायचं आहे ते एका घराबद्दल.

मुलांचा वाद असा : नेड स्टार्क सज्जन म्हणावा की नाही? नेड हा उत्तरेचा सरदार, शब्दाला जागणारा म्हणून ख्याती असलेला. युद्धावरून परतताना तो एक तान्हं मूल घेऊन येतो. हे माझं, बाहेरचं, एवढंच बायकोच्या, कॅटलिनच्या, कानी येतं. आई कोण ते तो सांगत नाही. खरं तर ते त्याच्या बहिणीचं, लियानाचं बाळ. मरताना तिनं त्याच्याकडून वचन घेतलेलं असतं. बाळाचा बाप रेगार टार्गेरियन. आणि नेडचा जिवलग मित्र रॉबर्ट, जो आता राजा झाला आहे, त्याला त्या वंशाचं नखही नको आहे. म्हणून हे असत्य. मूल वाचतं, जॉन स्नो या नावानं वाढतं. 'स्नो' हे उत्तरेत अनौरस मुलांना लावायचं आडनाव. आपल्याकडच्या 'लेकावळा' शब्दासारखंच, हाक मारतानाच जागा दाखवून देणारं.

या नात्यांवर बोलताना मुलं 'अंकल', 'आंट', 'कझिन' म्हणतात. एकदा मी तीच नाती फळ्यावर मराठीत लिहायला सांगितली. नेड जॉनचा मामा. रॉब, सान्सा, आर्या ही मामेभावंडं. पुढे जॉन जिच्या प्रेमात पडतो ती डेनेरिस रेगारची बहीण, म्हणजे आत्या. तोवर खसखस चालली होती, ती 'आत्या'पाशी थांबली. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीनं राहिलेलं नातं सांगितलं : कॅटलिन जॉनची मामी.

इतके दिवस कॅटलिनला दुष्ट सावत्र आई म्हणून झोडपणारी मुलं त्या एका शब्दानं गप्प झाली. मामी! आपल्या गोष्टींतली मामी काही नेहमी मायाळू नसते. पण भाचा घरात आहे म्हणून तिचा अपमान होत नाही, आणि पोरक्या भाच्याला वाढवलं तर गाव तिचं कौतुकच करतं. कॅटलिनला ती संधीच मिळाली नाही. नवऱ्याच्या एका वाक्यानं ती मामीची सावत्र आई झाली, आणि स्वतःच्या मुलांच्या पंक्तीला बसलेला हा मुलगा पाहत तिनं वर्षानुवर्षं काढली.

तिसऱ्या पर्वात ती आपल्या सुनेला एक आठवण सांगते. तान्ह्या जॉनच्या मरणाची इच्छा तिनं केली होती, आणि बाळ खरंच देवी आल्यासारखं आजारी पडलं. ती रात्रभर उशाशी बसली. हा जगू दे, मी याची आई होईन, नवऱ्याला सांगून याला घराण्याचं नाव देववीन, असं देवांना बोलली. बाळ जगलं. तिच्यानं नवस फेडवला नाही. घरावर आलेलं सारं अरिष्ट आपण एका पोरक्या मुलावर प्रेम करू शकलो नाही म्हणून आलं, असं ती म्हणते. (हा प्रसंग मूळ कादंबऱ्यांत नाही, मालिकेच्या लेखकांनी घातला आहे, आणि माझ्या मते तो त्यांच्या सर्वोत्तम लेखनापैकी आहे.) तिच्या डोक्यावरचं हे पाप मुळात तिचं नाहीच. त्याच पर्वात तिची हत्या होते. खरं काय ते प्रेक्षकांना कळतं सहाव्या पर्वाच्या शेवटी.

नेडच्या बाजूचे म्हणतात, त्यानंही आपलं नाव डागाळून घेतलं. मान्य. सुरुवातीला गप्प राहणं भाग होतं, हेही मान्य. पण वचन दिलं त्यानं. त्याची किंमत मोजायला घरातली दोन माणसं, आणि त्या दोघांना कुणी विचारलेलं नाही. नेड मला सज्जन वाटतो, पण मी त्याला पूर्ण गुण देत नाही.

मराठी वाचकाला इथं कर्ण आठवणारच. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त' दोन्ही १९६७ची. तेव्हापासून आपण कुंतीच्या मौनाचा हिशेब मांडतो आहोत. मुलं जॉनला कर्ण म्हणतात ते ठीक, पण मग कुंतीच्या जागी नेड येतो. राधेला नदीतून आलेलं मूल देवाची देणगी वाटलं. कॅटलिनला आलेलं मूल अवहेलना वाटलं. फरक मुलांत नाही, काय सांगून मूल दिलं त्यात आहे.

जेमी लॅनिस्टरवर मी थोडंच बोलते, कारण त्याच्यावर सगळेच बोलतात. राजरक्षकानं राजाची पाठ राखायची, बापाचं ऐकायचं, निरपराधांना वाचवायचं. आणि राजाच शहर जाळायला आणि बापाचं डोकं आणायला सांगतो. जेमी राजाला मारतो आणि जन्मभर राजघातकी म्हणवून घेतो. याच माणसानं पहिल्याच भागात बहिणीशी असलेले आपले संबंध लपवण्यासाठी एका पोराला मनोऱ्यावरून ढकललेलं असतं. मुलांना तो एकतर वीर हवा असतो नाहीतर नीच.

आठव्या पर्वात रहस्य जॉनच्या हाती येतं. डेनेरिस विनवते, कुणाला सांगू नकोस. नेडनं हेच केलं असतं. जॉन मात्र आपल्या माणसांशी खोटं बोलायला नकार देतो, बहिणींकडून गुप्ततेची शपथ घेऊन त्यांना सगळं कळवतो. सान्सा शपथ मोडते आणि टिरियनला सांगते. त्यातून जे माजतं त्यात माणसं मरतात, आणि शेवटी जॉनच्या हातून त्याची आत्या मरते. म्हणजे सत्य सांगूनही घर सुखी झालं असं नाही, हे नेडच्या वकिलांनी मला ऐकवलं आहे.

सान्सानं केलं ते बरोबर की चूक, यावर आमच्या वर्गात अजून दोन तट आहेत. तिच्या मनात राजकारण होतं, ते मी नाकारत नाही. तरीही मी तिच्या बाजूनं हात वर करते. तिच्या आईला याच गोष्टीतलं अवाक्षरही कुणी सांगितलं नव्हतं.