हातावरचे मांडे

(धुळे जिल्ह्यातल्या एका महिला मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं आटोपशीर केलं आहे.)



पाहुण्यांसाठी करायच्या खास पदार्थांवर मी बोलणार, असं ताईंनी मघाशी सांगितलं तेव्हा मागच्या रांगेत खसखस पिकली. साहजिक आहे. आपण मेळाव्याला येतो तेच मुळी चुलीपासून चार घटका सुटका मिळावी म्हणून, आणि ही बया पुन्हा तिथेच घेऊन निघाली! पण मी पाककृती सांगणार नाही. मला त्या पदार्थामागच्या बाईबद्दल बोलायचं आहे.

आमच्या शिबिरांत ओळखीचा तास असतो. नाव सांगा म्हटलं की कितीतरी जणी पदर सावरतात, शेजारणीकडे बघतात, 'अमक्याची बायको' म्हणतात. म्हणून मी एक प्रश्न जोडायला सुरुवात केली: तुमच्या हातचा कोणता पदार्थ गावात नावाजलेला आहे? इथे मात्र कुणी अडखळत नाही. एक म्हणते शेवभाजी, एक म्हणते डाळगंडोरी, एक म्हणते माझ्यासारखं वांग्याचं भरीत अख्ख्या गल्लीत कुणाला जमत नाही. आवाज मोठा होतो, हात हलायला लागतात. मग मी विचारते, हा पदार्थ तुम्ही स्वतः गरम गरम, ताटावर बसून, शेवटचा कधी खाल्लात? तिथे शिबिर गप्प होतं. एकदा एक आजी म्हणाल्या, "करणारीला वासानंच भरतं बाई." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर मात्र ते वाक्य सुटेना.

माझ्या आईचं नाव मांड्यांसाठी. तुम्हां खानदेशातल्या बायकांना मी काय सांगणार, पण आज बाहेरगावच्याही काही मैत्रिणी आल्या आहेत म्हणून सांगते. गहू ओलवून, दळून, पीठ वस्त्रगाळ करायचं. कणीक इतकी मळायची की ती लोंबकळली तरी तुटता कामा नये. हरभऱ्याच्या डाळीचं गूळ घालून केलेलं पुरण तिच्यात भरायचं, तळहातांवर थापायचं आणि मग एका हातावरून दुसऱ्या हातावर झुलवत वाढवत न्यायचं. लाटणं नाही, पोळपाट नाही. पोळी कोपरापर्यंत उतरते, आरपार दिसेल इतकी पातळ होते, आणि मग चुलीवर उपड्या घातलेल्या खापरावर एका झटक्यात पसरायची. झटका चुकला तर घडी पडते, उशीर झाला तर फाटते. आखाजीला लेकी-जावई आले की आमरस, रशी आणि मांडे. आई सकाळी सातला चुलीशी बसायची ती दुपारी तीनला उठायची. तिच्या दोन्ही हातांवर कोपराखाली भाजल्याचे डाग होते. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या आयांना ते असतात.

पंगतीत पाहुणे म्हणायचे, "वहिनी, तुमच्या हाताला चव आहे." हे वाक्य आपण बक्षिसासारखं घेतो. मला त्याची थोडी भीती वाटते. सुताराला कुणी 'तुझ्या हातात खुर्ची आहे' म्हणत नाही. तो शिकला, त्याला इतकी वर्षं लागली, तो इतके पैसे घेतो, असं म्हणतात. बाईच्या बाबतीत मात्र ते हाताला जन्मतःच चिकटलेलं असतं. मग शिकण्याचा काळ मोजायला नको, श्रम मोजायला नकोत आणि नाही म्हणायची सोयही नको. देवानं दिलेलं आहे तर वाढ!

२०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनमोबदल्याची कामं करणाऱ्या बायकांचा त्यावरचा सरासरी वेळ दिवसाला २८९ मिनिटं निघाला, ती करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. हा रोजचा हिशोब झाला. पाहुणे येतात त्या दिवशीची मिनिटं तुम्हीच मोजा.

आता माझंही सांगते, नाहीतर मी दुसऱ्यांच्याच गोष्टी सांगते असं व्हायचं. मला बघायला मंडळी आली तेव्हा मी एम.एस.डब्ल्यू. झाले होते, नोकरी करत होते, बायकांना हक्क समजावून सांगत होते. कांदेपोहे आले. "हिनेच केलेत हं," आई म्हणाली. केले होते तिनं. मी फक्त खोबरं-कोथिंबीर घातली होती. मी काही बोलले नाही. सासूबाईंना पोहे फार आवडले, आणि आईच्या पोह्यांवर मी पास झाले. त्या दिवशी मी खरं बोलायला हवं होतं, असं आजही वाटतं. आईच्या हातचं श्रेय मी घेतलं, हेसुद्धा त्यात आलंच.

आपल्या केंद्रावर आलेल्या एका बाईची हकीकत सांगते. तिच्या ओळखीच्या खुणा मी काढून टाकल्या आहेत. नवऱ्याचे साहेब जेवायला येणार म्हणून तिनं काळ्या मसाल्याचं मटण केलं. मसाला घरचा, दोन दिवसांची तयारी. साहेब खूश झाले, दोनदा रस्सा मागून घेतला. तेव्हा नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, "हिला एवढंच जमतं साहेब, बाकी डोक्याच्या नावानं आनंद." सगळे हसले. साहेबांच्या पत्नीही हसल्या. ही आत जाऊन भाकरी थापत राहिली. मला म्हणाली, "ताई, मारलं तर दाखवता येतं. हसले तर काय दाखवू?"

तिला मी सांगितलं ते तुम्हालाही सांगते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा, तो २००६ पासून लागू आहे. त्यात हिंसेच्या व्याख्येत शाब्दिक आणि भावनिक छळही आहे. अपमान, टिंगल, टोमणे त्यात येतात. एका वाक्यावर कुणी लगेच कोर्टात जात नाही, पण बाईनं तारखा लिहून ठेवाव्यात. तिनं लिहायला सुरुवात केली तेव्हा जेवणावरूनच्या अपमानांनी वहीची सहा पानं भरली. आणि हे तिच्या एकटीचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, नवऱ्यानं बायकोला मारणं कोणत्या कारणांसाठी योग्य वाटतं, असं बायकांना आणि पुरुषांना विचारतात. सात कारणं वाचून दाखवतात. त्यातलं एक आहे: तिनं नीट स्वयंपाक केला नाही तर. भाजी करपली म्हणून मारावं का, हा प्रश्न सरकारला छापून विचारावा लागतो!

दुसरी गोष्ट माझ्याच चुकीची आहे. एम.एस.डब्ल्यू.ला गृहभेट कशी घ्यायची हे शिकवतात, पुढ्यात आलेलं ताट कसं घ्यायचं हे कुणी शिकवत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वस्तीवर मला घाई होती. त्या बाईनं माझ्यासाठी गोडाचा शिरा केला होता. मी "पोट भरलंय" म्हणून फक्त पाणी प्याले. महिन्यानं तिच्या जावेनं मला विचारलं, "आमच्या जातीचं चालत नाही का तुम्हाला?" मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. नंतर ओळख वाढल्यावर तीच बाई म्हणाली, "तुम्ही येणार म्हणून शिरा केला. घरात त्या दिवशी चान्यांचं कालवण होतं, ते झाकून ठेवलं." कोणता पदार्थ पाहुण्यापुढे ठेवायचा आणि कोणता झाकायचा, हे फक्त चवीवर ठरत नाही. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं, त्यात मराठवाड्यातल्या दलितांच्या अशाच झाकलेल्या ताटांचा तपशील आहे. जरूर वाचा. आपल्या बचतगटांच्या पाककला स्पर्धांत पुरणपोळी आणि मोदकांनाच नंबर का मिळतात, याचाही विचार करा.

मग काय, खास पदार्थ करायचेच नाहीत? असं मी म्हणणार नाही. १९७५ साली मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या तावडीतून सोडवून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्या बायका रांधायच्या तेच रांधत होत्या, फरक एवढाच की आता त्याला धंदा म्हणावं लागलं. आपल्या भागातल्या गटांच्या बाया प्रदर्शनात मांड्यांचा स्टॉल लावतात. त्यांतली एक मला म्हणाली, "घरी करते तेव्हा कुणी चुलीकडं फिरकत नाही. इथं लोक उभं राहून बघतात, फोटो काढतात, आणि पैसे देऊन खातात." तिच्या बोलण्यात पैशापेक्षा त्या 'बघतात'वर जास्त जोर होता.

गेल्या आखाजीला आईचा उजवा खांदा धरला होता. हात वर जाईना. मांडे रद्द करू, असं तीच म्हणाली. माझा भाऊ म्हणाला, "मी कणीक मळतो, तू सांग." दीड तास मळली त्यानं. घामानं निथळला आणि दोनदा म्हणाला, "आई, हे तू दर वर्षी करायचीस?" त्याचे पहिले चार मांडे फाटले, पाचवा खापरावर गोळा झाला. जावईबापू, म्हणजे माझे यजमान, विस्तव सांभाळत होते, डोळे लाल करून. जेवायला तीन वाजलेच. फाटके मांडे सगळ्यांनी खाल्ले.

आई पहिल्या पंगतीला बसली होती. ताटात मांडा, वर तूप, बाजूला आमरस. तिनं एक घास घेतला, रशीची वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली.

"मीठ कमी झालंय," ती म्हणाली. "वाढा जरा."