गटचर्चेची तयारी घरापासून

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच झाला. त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. सत्कारानंतर लांबलेले भाषण कोणालाच रुचत नाही, तेव्हा मी थेट विषयाकडे येतो. आपल्या घरांतील मुले गुणांच्या बाबतीत मागे नाहीत. हिशेब तर त्यांच्या रक्तातच आहे. परंतु लेखी परीक्षेनंतर निवडीची जी एक पायरी असते, तिला गटचर्चा म्हणतात. तिथे हुशार मुलेही अडखळतात. व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेशासाठी ही पायरी अनेक संस्थांनी ठेवली आहे. काही आयआयएमनी 2012 च्या सुमारास ती काढून त्याजागी लेखी परीक्षण आणले. महाविद्यालयातून नोकरीसाठी निवड करणाऱ्या अनेक कंपन्या गटचर्चा घेतात. मात्र या पद्धतीचे मूळ रूप पाहावयाचे असेल, तर आपल्याला फार दूर जावे लागत नाही.

धायरी फाट्यावरून सिंहगड रस्त्याने पुढे गेले की खडकवासल्याचा जलाशय लागतो. त्याच्या पलीकडच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे आपल्या बोलण्यातील एनडीए, उभी आहे. 6 ऑक्टोबर 1949 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसविण्यात आली आणि जानेवारी 1955 मध्ये तिचे रीतसर उद्घाटन झाले. 2022 पासून तेथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला आणि 30 मे 2025 रोजी पहिल्या तुकडीतील 17 मुली दीक्षान्त संचलनात बाहेर पडल्या. आपण सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन धरणावर जातो, कणीस खातो आणि परत येतो. समोरच्या काठावर आपलेही मूल असू शकते, हा विचार मात्र आपल्या घरांत क्वचितच होतो.

तेथील प्रवेशाचे गणित व्यापाऱ्याला चटकन समजेल असे आहे. संघ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा 900 गुणांची. त्यानंतर सेवा निवड मंडळाची, म्हणजे एसएसबीची, चाचणीही 900 गुणांची. अर्धे भांडवल दुसऱ्या टप्प्यात अडकलेले आहे आणि आपण सगळी तयारी पहिल्याच टप्प्याची करतो.

ही चाचणी पाच दिवस चालते. पहिल्याच दिवशी मुलांना एक अंधूक चित्र अर्धा मिनिट दाखविले जाते. त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहावयाची, मग प्रत्येकाने आपली गोष्ट गटाला सांगावयाची आणि शेवटी सर्वांनी चर्चा करून एकच गोष्ट ठरवावयाची. या पहिल्या चाळणीत जे राहत नाहीत, त्यांना त्याच दिवशी परत पाठविले जाते. पुण्याहून भोपाळपर्यंत रात्रभर प्रवास करून गेलेला मुलगा संध्याकाळी परतीच्या गाडीत बसलेला असतो. पुढे राहिलेल्यांची मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि मैदानावरील गटकार्ये होतात. गटकार्यांची सुरुवात गटचर्चेने होते. आठ-दहा मुले अर्धवर्तुळात बसतात, छातीवर क्रमांक असतो, विषय दिला जातो आणि सुमारे वीस मिनिटे परीक्षक अधिकारी बाजूला बसून केवळ पाहतात. कोणी अध्यक्ष नसतो, कोणाची पाळी ठरलेली नसते आणि शेवटी मतदानही होत नाही.

असे का करतात, हे समजले तर तयारी कशाची करावी हे आपोआप समजते. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, ब्रिटिश सैन्याला अधिकारी निवडण्याची नवी पद्धत हवी होती. तेव्हा विल्फ्रेड बायन या मनोविकारतज्ज्ञाने नेता न नेमलेल्या गटाची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात डेहराडून येथे या धर्तीवर निवड मंडळ सुरू झाले. बायन यांचा विचार साधा होता. प्रत्येक उमेदवाराला स्वतःची निवड व्हावी असे वाटते. त्याच वेळी गटाचे कामही पार पडावयास हवे. या ओढाताणीत जो सोबत्यांना पायाखाली न घालता काम पुढे नेतो, तो माणसे सांभाळू शकेल. कापडाचे ठाण उलगडून हातात घेतल्याशिवाय पोत कळत नाही. गटचर्चा म्हणजे हे ठाण उलगडणेच होय.

मग मुलांचे चुकते कोठे? या परिसरात स्थायिक झालेले निवृत्त अधिकारी आणि चाचणीस जाऊन आलेली मुले यांच्याशी बोलताना दोनच गोष्टी पुनःपुन्हा कानावर येतात. काही मुले तोंडच उघडत नाहीत. काही मुले दुसऱ्याला तोंड उघडू देत नाहीत. पहिल्याविषयी परीक्षकाला काही लिहिताच येत नाही. दुसऱ्याविषयी जे लिहिले जाते, ते त्याच्या हिताचे नसते.

एक उदाहरण घेऊ. विषय आहे, 'शहराच्या वाहतुकीवर उड्डाणपूल हा उपाय आहे काय?' सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या मुलाला हा विषय शिकवावा लागू नये. तरी पुष्कळ मुले 'वाहतूककोंडी फार आहे, सरकारने काहीतरी केले पाहिजे' एवढेच बोलून थांबतात. ज्याने तयारी केली आहे, तो सांगेल की कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटीचा प्रयोग 2006 साली सुरू झाला, पुण्यात मेट्रो मार्च 2022 मध्ये धावू लागली आणि राजाराम पुलाजवळचा उड्डाणपूल 2024 साली खुला झाला. पुढे तो विचारील की पुलावरून सुटलेली गाडी पुढच्या चौकात अडकत असेल, तर वेळ कोणाचा वाचला? एवढ्यात दुसरा मुलगा म्हणेल, 'पूल नसता तर रुग्णवाहिका पोहोचली नसती.' अशा वेळी त्याला खोडून काढण्याची घाई करू नये. 'त्यांचा मुद्दा योग्य आहे. पूल तातडीची गरज भागवितो. परंतु बससेवा वाढली नाही तर काही वर्षांत पूलही भरून जाईल,' असे म्हटले की दोन्ही बाजूंना जागा मिळते आणि चर्चा एक पाऊल पुढे सरकते. त्यानंतर गप्प बसलेल्या मुलाकडे पाहून 'आपण काही सांगत होता' एवढे म्हणावे. ही चतुराई म्हणून करू नये. अनुभवी परीक्षकाला खोटा आदर लगेच ओळखता येतो.

अनेकान्त हा शब्द आपण लहानपणापासून प्रवचनांत ऐकतो. गटचर्चेत त्याचा उच्चार करण्याचे काहीच कारण नाही. समोरच्याच्या म्हणण्यात किती अंश खरा आहे, हे शोधण्याची सवय असली म्हणजे पुरे.

आता प्रत्यक्ष तयारी. रोज एक वर्तमानपत्र वाचावे आणि आठवड्यास एक विषय वहीत उतरवावा. पानाच्या डाव्या बाजूस अनुकूल मुद्दे, उजव्या बाजूस प्रतिकूल मुद्दे, खाली दोन खात्रीचे आकडे आणि एक जवळचे उदाहरण. जमा-खर्चाची वही जशी दोन्ही बाजूंनी लिहितो, तशीच ही. वर्षभरात पन्नास विषय होतील. खात्री नसलेला आकडा बोलू नये. चर्चा बहुधा इंग्रजीत चालते, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांनी धास्ती घेऊ नये. छोटी, शुद्ध वाक्ये पुरतात. सहा-आठ मित्रांनी रविवारी एकत्र बसावे, वीस मिनिटे घड्याळ लावून बोलावे आणि एकाने केवळ ऐकून टिपण करावे: कोण किती वेळा बोलला, कोणी कोणाला तोडले, कोणाच्या मुद्द्याने चर्चा पुढे गेली. आपल्या ट्रस्टचे सभागृह अशा वेळी या मुलांना मिळावे, अशी विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे.

शासकीय सोयीही आहेत. दहावीनंतर दोन वर्षे एनडीएची तयारी करून घेणारी राज्य शासनाची एसपीआय ही संस्था 1977 पासून औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे आहे. मुलींसाठी तशीच संस्था 2023 साली नाशिक येथे सुरू झाली. शिवाय नाशिक रोड येथील छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीसाठी पात्र झालेल्या उमेदवारांना निःशुल्क प्रशिक्षण दिले जाते. याची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते.

शेवटी पालकांना दोन शब्द. ज्या घरात थोरांनी बोलावे आणि लहानांनी ऐकावे एवढीच रीत आहे, त्या घरातील मूल साडेसोळा-सतराव्या वर्षी अनोळखी नऊ जणांसमोर एकाएकी मोकळेपणाने कसे बोलेल? रात्रीचे दुकान बंद करून आपण घरी येतो, तेव्हा भाव, उधारी आणि लग्नकार्ये यांवर बोलणे होते. त्यातील पंधरा मिनिटे मुलांना द्यावीत. दुकानाची दुसरी शाखा काढावी की नाही, गावी यंदा जावे की नाही, हेही चर्चेचेच विषय आहेत. मुलीचे मत मुलाइतकेच शांतपणे ऐकावे. आपल्या मताविरुद्ध मूल बोलले, तर त्याला कारण विचारावे. उद्धट ठरवू नये. क्लासमध्ये बोलण्याची पद्धत शिकवितात, परंतु बोलण्याचा धीर आणि ऐकण्याचा संयम यांना काही वर्षे लागतात आणि ती वर्षे मूल आपल्या घरात असते.

पुढील वर्षी याच मंचावर खडकवासल्याच्या त्या काठावरून आलेल्या एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा सत्कार करण्याचा योग ट्रस्टला लाभो, अशी सदिच्छा व्यक्त करतो.