नवशिक्याचा पहिला प्रश्न



संगणकास आज्ञा देण्यासाठी ज्या भाषा रचल्या गेल्या, त्या प्रत्येकीभोवती तिच्या अभ्यासकांचा एक समुदाय जमलेला असतो. अडलेल्याने विचारावे व जाणत्याने सांगावे, असा तेथील रिवाज आहे. आपल्या शाळेतून गेलेला एखादा मुलगा उद्या तेथे पहिला प्रश्न घेऊन जाईल. त्यास उत्तर कसे मिळते, यावर त्याचे पुढील शिक्षण पुष्कळसे अवलंबून राहील.

तो प्रश्न बहुधा असा असतो : 'क्ष = क्ष + १' हे खरे कसे? कोणतीही संख्या स्वतःहून एकाने मोठी नसते, हे तर गुरुजींनीच शिकविले! 'आधी पुस्तक वाचून ये,' असे त्यास सुनावणारे महाभाग थोडे नाहीत. वस्तुतः त्याचे गणित पक्के आहे, म्हणूनच तो अडला. पायथॉन भाषेत हे चिन्ह समानता दाखवीत नाही. उजवीकडील किंमत काढून ती डावीकडील नावास द्यावी, अशी ती आज्ञा आहे. समानता तपासावयाची तर तेच चिन्ह दोनदा लिहावे लागते. गंमत अशी, की या चिन्हाविषयी भाषाकारांतही एकमत नाही. १९६० च्या अल्गोलमध्ये आणि निक्लाउस विर्थ यांच्या १९७० च्या पास्कलमध्ये, या आज्ञेसाठी बरोबरीच्या चिन्हापूर्वी विसर्गासारखी दोन टिंबे देऊन ती समानतेहून निराळी ठेवली आहे. मग त्या मुलास मंद कसे म्हणावे?

यंत्रानेही या बाबतीत थोडी सभ्यता शिकली आहे. कंस बंद करावयाचा राहिला, तर पायथॉन पूर्वी पुढच्याच निर्दोष ओळीवर बोट ठेवून 'रचना अशुद्ध' एवढेच म्हणे. २०२१ च्या ३.१० या आवृत्तीपासून 'हा कंस बंद झालाच नाही' असे ती नेमके दाखविते. माणसे वळविणे त्याहून कठीण! २००८ साली निघालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या स्थळाच्या चालकांनी २०१८ साली जाहीरपणे मान्य केले, की नवशिक्यांना व स्त्रियांना तेथे परकेपणा जाणवतो.

न्यूयॉर्कच्या रिकर्स सेंटर या संस्थेत मात्र, 'हेही तुला ठाऊक नाही?' असे आश्चर्य दाखविण्यास नियमानेच मनाई आहे. कोणाकडून तसे घडले, तर दुसरा ते सहज लक्षात आणून देतो, बोलणारा दिलगिरी व्यक्त करतो आणि दोघे पुन्हा कामास लागतात.